घरगुती ड्राफ्ट बिअर : नळ्या आणि जोडण्या

केगमधली (बिअरच्या बंद धातूच्या पिंपातली) बिअर तोटीपर्यंत नेणाऱ्या आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड केगपर्यंत पोचवणाऱ्या नळ्या, तसेच त्या जोडणारे नट, बार्ब (नळी चढवायचे खाचदार टोक), वायसर व डिस्कनेक्ट (केगवर बसवायची, काढता-घालता येणारी जोडणी) यांची निवड आणि जुळणी. केग आणि तोटीवर हात सैल सोडून खर्च होतो, नळी मात्र उरल्यासुरल्या पैशांत घेतली जाते. ग्लासात निम्मा फेस येऊ लागला की बहुतेकदा दोष या नळीचाच निघतो.

बिअरच्या नळीचे खरे काम दाब जिरवण्याचे. ३–४° से. तापमानाला सुमारे १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाखाली ठेवलेल्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू विरघळून राहतो. हा दाब तोटीशी एकदम सुटला, तर वायू उसळून बाहेर येतो. अरुंद, लांब नळीत तो घर्षणाने हळूहळू उतरतो.

४.८ मिमी (३/१६ इंच) आतील व्यासाची विनाइल नळी दर फुटाला ३ पीएसआय दाब जिरवते, असे तक्त्यांत असते. त्या हिशेबाने ४ फूट नळी पुरायला हवी. पण तेवढी लावली की घरी फेसच मिळतो. तक्त्यातला आकडा बारमधल्या वेगवान धारेसाठी, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.८ लिटरसाठी धरलेला असतो. धार मंद झाली की नळीचा विरोधही घटतो, आणि घरी धार मंदच हवी असते. म्हणून १२ पीएसआयला ३ मीटर नळीपासून सुरुवात करावी. तोटी केगपेक्षा उंच असेल तर दर ६० सेंमी चढाला जवळपास १ पीएसआय आपोआप खर्ची पडतो. ३०० मिलि ग्लास ८ ते १० सेकंदांत भरला तर नळी बरोबर आहे. धार फारच रेंगाळली तर १५-१५ सेंमी कापत जावे. कापता येते, वाढवता येत नाही. ६.३५ मिमी (१/४ इंच) नळीचा विरोध ४.८ मिमीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नसतो, त्यामुळे फ्रिजमधल्या संचात ती घेऊच नये. ४ मिमीची नळी घेतली तर लांबी निम्म्यावर येते.

फेस आवरण्यासाठी रेग्युलेटर (सिलिंडरवरचा दाब ठरवणारा भाग) खाली आणणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीचा उपाय. दाब कमी पडताच वायू नळीतच सुटू लागतो, तिथे बुडबुड्यांचे कप्पे दिसतात, आणि काही दिवसांनी सगळा केग मिळमिळीत होतो.

विनाइल स्वस्त आणि लवचिक असते, पण त्यातून प्राणवायू झिरपतो. रात्रभर नळीत थांबलेल्या बिअरला प्लास्टिकचा वासही येऊ शकतो. ईव्हाबॅरियरसारख्या दोन थरांच्या कडक नळ्या या दोन्ही बाबतींत सरस. सिलिकॉन टाळावे : ते दाबाने फुगते आणि त्यातून वायू सहज आरपार जातो.

कडक नळीला पुश-फिट (नुसती आत दाबून बसवायची) जोडणी लागते आणि तिथे बाहेरचा व्यास महत्त्वाचा. ८ मिमी आणि ५/१६ इंच व्यवहारात एकच. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, ते त्यात बसणार नाही. टोक धारदार पात्याने काटकोनात कापावे. कात्रीने ते चेपते. आत सारताना नळी ओ-रिंगपाशी (आतल्या रबरी कडीपाशी) अडते आणि पुरती बसल्यासारखी वाटते; तिथे न थांबता आणखी जोर लावून तळाला टेकवावी, मग ओढून पाहावी. जोडणीजवळच नळी वळवली तर ती लंबगोल होते आणि तिथूनच गळते.

विनाइल बार्बवर चढवताना टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरावे. नळी कितीही घट्ट बसली तरी क्लॅम्प हवाच. स्क्रूचा क्लॅम्प बारीक नळीवर गोल बसत नाही. कानाचा, चिमटून बसवायचा क्लॅम्प बरा.

डिस्कनेक्टवरची १/४ इंच फ्लेअर जोडणी शंकूच्या टोकावर बंद होते, आट्यांवर नाही. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. नायलॉनचा वायसर घालून नट हाताने आवळावा आणि पान्याने किंचित फिरवावा. निमुळत्या पाइप-आट्यांना मात्र टेप लागतेच. केगच्या जोडण्या बॉल-लॉक आणि पिन-लॉक अशा दोन प्रकारच्या. बॉल-लॉकमध्ये राखाडी डिस्कनेक्ट गॅसचा, काळा बिअरचा. पोस्टच्या (डिस्कनेक्ट बसतो त्या केगवरच्या तोंडाच्या) बुडाशी खाचा असतील तर ती गॅसची बाजू. उलटे बसवले तर ते अडकून बसतात. पिन-लॉकमध्ये गॅसला २ पिना, बिअरला ३. शँक (तोटी आणि नळी जोडणारा तुकडा) आणि तोटी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. क्रोमचा मुलामा उडाला की आम्लधर्मी बिअर पितळेशी भिडते आणि धातूची चव येते.

फक्त पहिला ग्लास फेसाळत असेल तर टॉवरमधली (तोटी बसवलेल्या खांबातली) नळी गरम झालेली असते. केगपासूनच बारीक बुडबुड्यांची माळ येत असेल, तर बहुधा बिअर-पोस्टखालच्या डिप-ट्यूबची (केगच्या तळापर्यंत जाणाऱ्या नळीची) ओ-रिंग गेलेली असते. वरचा गॅस तिथून बिअरमध्ये घुसतो.

गॅसची गळती साबणाच्या फेसाने शोधावी. सिलिंडर बंद करून रात्रभर दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवायची असेल तर केग आधी काढावा, कारण थंड बिअर गॅस शोषते आणि गळती नसतानाही काटा उतरतो. बंदिस्त लहान खोलीत ही तपासणी पुढे ढकलू नये. साचलेला कार्बन डायऑक्साइड जिवावर बेतू शकतो.

नळ्या दर दोन आठवड्यांनी अल्कधर्मी क्लीनरने धुवाव्यात. रूट बिअरसारखे उग्र पेय एकदा विनाइलमधून गेले की तो वास धुण्याने जात नाही. नळी बदलावी लागते.