सुरमईतला जंत आणि बडोद्याचे मोती

दांडिया बाजारातल्या मराठी घरात मासळी येते ती बर्फावरून. बडोद्याला बंदर नाही. सुरमई-पापलेट पेट्यांतून येतात आणि पुष्कळ घरांत शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून तळले जातात. एवढ्या सोपस्कारानंतर तुकडीत तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा जंत दिसला, की आधी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि मग मासळी कचऱ्यात. पण या जंताची गायकवाडी कागदपत्रांशी जुनी ओळख आहे.

द्वारका-ओखा हा ओखामंडळाचा मुलूख तेव्हा बडोदे संस्थानाकडे होता. सयाजीराव महाराजांच्या सरकारने तिथल्या समुद्री जीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करून घेतली. अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये छापला गेला. त्याआधी हॉर्नेल श्रीलंकेत विल्यम हर्डमन यांच्याबरोबर मोत्यांच्या शिंपल्यांवर काम करत होते. तिथे दोघांनी मांडले, की उत्तम मोती पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) अळीभोवती तयार होतो आणि त्या कृमीची पूर्ण वाढ पाकटासारख्या माशात होते. हा सिद्धान्त पुढे टिकला नाही. टिकला असता, तर बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या प्रसिद्ध मोत्यांच्या गालिच्याकडे पाहायची आपली नजरच बदलली असती!

गंमत अशी, की सुरमईच्या मांसात सापडणारे पांढरे दाणे पुष्कळदा याच गटातल्या पट्टकृमींच्या अळ्या असतात. त्यांना जायचे असते मुशीच्या किंवा पाकटाच्या आतड्यात. माणसाच्या पोटात त्यांचा सहसा निभाव लागत नाही. किळस येते हे खरे, पण धोका दुसऱ्या जंतांचा आहे.

त्यातला एक प्रथम भारतातच सापडला. 1874 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात जेम्स मॅकॉनेल यांना यकृताच्या पित्तनलिकांमध्ये चपटे कृमी दिसले. ते पोटात जातात कुठून, हे कळायला 1910 उजाडले: जपानच्या कोबायाशी यांनी गोड्या पाण्यातल्या माशांत त्यांच्या अळ्या दाखवल्या. त्याचाच एक भाऊबंद थायलंडच्या ईशान्य भागात कच्च्या माशाच्या खाद्यपदार्थांतून पसरतो. वर्षानुवर्षे राहिला तर पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले.

समुद्री माशांची गोष्ट मात्र हॉलंडमध्ये उलगडली. तिथे हेरिंग मासा किंचित मीठ लावून जवळजवळ कच्चाच खातात. 1950 च्या दशकात पोटात असह्य कळा येणारे रुग्ण दिसू लागले. आतड्यात गोल जंताची अळी रुतलेली असायची. 1960 मध्ये व्हान थील यांनी ती ओळखली. आज आपण तिला ॲनिसाकिस म्हणतो. व्हेल, सील यांच्या पोटातला हा जंत कोळंबीसारख्या बारीक जीवांतून माशात उतरतो. जंत माशात पूर्वीपासूनच होता, बदलली होती बोटीवरची रीत. पूर्वी मासा पकडताच साफ करत. नंतर आतड्यासकट बर्फात ठेवून किनाऱ्यावर आणू लागले. मासा मेल्यावर आतड्यातली अळी मांसात शिरते, म्हणून रुग्ण वाढले असे मानले गेले. 1968 मध्ये डच सरकारने हेरिंग गोठवणे सक्तीचे केले आणि रुग्ण झपाट्याने घटले.

आजचे नियम त्याच वळणाचे आहेत. कच्चा खायचा मासा युरोपात उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवावा लागतो, अमेरिकेत 7 दिवस. घरच्या फ्रीझरवर एवढा भरवसा ठेवू नये. बर्फाच्या पेटीचा तर प्रश्नच नाही, ती मासा ताजा ठेवते, जंत मारत नाही. लिंबू, व्हिनेगर, मीठ यांनीही अळी हमखास मरत नाही. मरते ती उष्णतेने. तुकडीच्या गाभ्यापर्यंत 60 अंशांच्या वर शिजले की काम झाले, आणि आपले कालवण तर रटरटतेच. सुशी मागवणाऱ्याने मात्र मासा गोठवलेला होता का, हे विचारायला लाजू नये.

एक अपवाद कालवणालाही आहे. ॲनिसाकिसची ॲलर्जी असलेल्या काहींना मेलेल्या, शिजलेल्या अळीनेही अंगावर पित्त उठू शकते, कारण तिची काही प्रथिने उकळूनही शाबूत राहतात.