अस्थिकलम द्रव्ये (तत्काळ दंतरोपण)

दात काढल्यावर त्याच बैठकीत इम्प्लांट (जबड्यात रोवायचे कृत्रिम मूळ) बसवला, की तो व दाताच्या रिकाम्या खोबणीची भिंत यांत फट उरते. ती भरण्यासाठी वापरतात ती अस्थिकलम द्रव्ये, म्हणजे हाडाचे वा हाडासारखे दाणे. इम्प्लांटची सुरुवातीची पकड मात्र खोबणीच्या तळाकडच्या व टाळूकडच्या मूळ हाडातूनच यावी लागते. कलमाचे दाणे ती देत नाहीत.

अस्थिकलमाचा आरंभ बहुतेक लेखक डच शल्यविशारद योब फान मेकेरन यांच्या १६६८ मधील ग्रंथापर्यंत नेतात. एका रशियन माणसाच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवले, चर्चच्या रोषामुळे ते काढायला गेले तर ते पक्के जुळलेले होते, अशी ती हकिकत. ती ऐकीव दिसते. आरंभबिंदू म्हणून स्कॉटिश शल्यविशारद विल्यम मॅकेवेन यांची ग्लासगोतील मानवी हाडाच्या कलमाची शस्त्रक्रिया (१८८० च्या सुमारास) अधिक भरवशाची. अमेरिकी शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिजे काढलेले हाड स्नायूतही नवे हाड उपजवते हे दाखवले. तत्काळ रोपणाचे श्रेय सामान्यतः जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या शुल्टे यांना (१९७६ च्या सुमारास) देतात. त्यांचा इम्प्लांट टायटॅनियमचा नव्हे, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा होता.

द्रव्ये चार कुळांतली: रुग्णाचे स्वतःचे हाड, मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले हाड, प्राण्याचे (बहुधा गाईगुरांचे) हाड आणि कृत्रिम द्रव्ये (कॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम सल्फेट, हाडाशी जुळणारी जैवसक्रिय काच).

खरा वाद फटीच्या रुंदीचा आहे. सुमारे २ मिमीपर्यंतची फट रक्ताच्या गुठळीतून आपोआप हाडाने भरते, मग कलम कशाला, असा एक पक्ष. पण पुढच्या वरच्या दातांत ओठाकडची भिंत पुष्कळदा १ मिमीहूनही पातळ असते, आणि तिचा आतला थर दाताच्या अस्थिबंधावर (दात हाडाला धरून ठेवणाऱ्या तंतूंवर) जगतो. दात गेला की तो थर झिजतो. आराउजो व लिंडे यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत (२००५) इम्प्लांट बसवूनही ही झीज थांबली नाही. म्हणजे फट भरली तरी हिरडी आत बसू शकते. त्यामुळे इथे सावकाश विरघळणारे गुरांच्या हाडाचे दाणे घालण्याकडे कल दिसतो, आणि तो योग्य वाटतो. स्वतःचे हाड जिवंत पेशी आणते खरे, पण लवकर शोषले जाते. कॅल्शियम सल्फेट तर काही आठवड्यांतच नाहीसे होते.

दाणे साधारण ०.२५ ते १ मिमीचे. सलाइन वा रुग्णाच्या रक्तात भिजवले, की ओल्या वाळूसारखे चिकटतात. ते हलकेच भरावेत. ठासले तर मधल्या जागा बुजतात आणि रक्तवाहिन्यांना शिरायला वाट उरत नाही. खोबणीत पू असल्यास किंवा भिंत तुटलेली असल्यास रोपण बहुधा पुढे ढकलतात.