कळवळा (ख्रिस्ती सेवाधर्म)

दुसऱ्याच्या दुःखाने जीव कासावीस होणे आणि ते दुःख हलके करायला हात लावणे, या दोन गोष्टी ख्रिस्ती श्रद्धेत वेगळ्या धरत नाहीत. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘कळवळा’ हा शब्द येतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांच्या नावावरून बनले आहे. मराठवाड्यातली आई ‘लेकरासाठी आतडं तुटतं’ म्हणते, त्याच्या ते अगदी जवळचे. जुन्या करारातील करुणेचा हिब्रू शब्द तर गर्भाशयाच्या नावाशी जोडलेला आहे.

या विचाराचा मुख्य आधार म्हणजे बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १०) येशूने सांगितलेला चांगल्या शमरोन्याचा दाखला, म्हणजे बोधकथा. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला पाहून याजक निघून जातो, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही निघून जातो. यहुद्यांनी परका मानलेला शमरोनी मात्र थांबतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि रात्रभर शुश्रूषा करतो. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाल्यास परतताना भरून देईन असे सांगतो. दाखल्यातला हा शेवटचा व्यवहार सहसा दुर्लक्षिला जातो. वास्तविक, उद्याची सोय लावून जाणे हाच त्यातला सर्वांत अवघड भाग आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायात भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि बंदिवानाची भेट ही प्रभूचीच सेवा ठरवली आहे. त्यात मृताला मूठमाती देणे मिळवून कॅथलिक परंपरा शारीरिक दयेची सात कृत्ये मानते. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचा सूर अधिक कडक आहे: उपाशी माणसाला नुसते ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावणारा विश्वास त्याला निर्जीव वाटतो.

मराठवाड्यात या शिकवणीची गाठ निजामाच्या राजवटीतील दुष्काळांशी आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांशी पडली. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, जन्माने ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात कामाला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांना स्वतःचे गाव मिळणे याचे मोल धान्याच्या पोत्यांत मोजता येत नाही. कॅथलिक बाजूने संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाच्या धर्मगुरूंनी १८९२ पासून घोगरगाव परिसरातून काम सुरू केले. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्वतंत्र झाला. मिशनच्या कामाची रुजलेली रूपे म्हणजे शाळा, बोर्डिंग आणि दवाखाना. सुईणकाम आणि परिचर्या हलकी मानली जात होती, त्या काळात ख्रिस्ती मुलींनी नर्सचे शिक्षण घेतले.

या सेवेवर ‘धान्य देऊन धर्म बदलवला’ असा आक्षेप जुना आहे, आणि तो टाळून ही नोंद पुरी होत नाही. दुष्काळात मिशनकडे आलेल्या माणसाच्या मनात भूक आणि श्रद्धा किती प्रमाणात होती, हे वेगळे करता येत नाही. मात्र सगळा हिशेब लाभाचाच होता म्हणणेही चुकीचे आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. तरीही अनेक कुटुंबे मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, राहिली. कळवळ्याची मुळातली अट एवढीच आहे, की मदतीच्या बदल्यात काही मागायचे नाही. शमरोन्याने जखमीला त्याचा धर्म विचारला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो जीव गेले. देशभरातून आलेल्या मदतीत ‘कासा’ आणि ‘कारितास इंडिया’ या चर्चशी संबंधित संस्थाही होत्या. ढिगारे उपसण्याइतकेच पुढे घरे उभी राहणे गरजेचे होते. दोन दिनारांचा प्रश्न इथेही तोच.

रोजच्या जीवनात या धर्माला संस्था लागतेच असे नाही. पाळक किंवा सिस्टर आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करतात, आणि मंडळीतल्या बाया मयताच्या घरी डबा पोचवतात. कापणीच्या सणाला वेदीसमोर ज्वारी, तूर, भाजी, कोंबडी येते आणि या सगळ्याचा लिलाव होतो.

मराठवाड्याच्या सीमेला लागून, बीड जिल्ह्याशेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांना १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळदा दलित, बायांना आरोग्यसेविका केले. बाळंतपण सुखरूप कसे करावे, हगवणीच्या लेकराला साखर-मिठाचे पाणी कसे पाजावे, कुष्ठरोग्याला न घाबरता कसे हाताळावे, हे त्या शिकल्या. डॉक्टर जामखेडला असले, तरी रात्री-अपरात्री दार ठोठावायला सेविका गावातच होती.