अॅनिलीन: नुसत्या मास्कने न थांबणारं विष

अॅनिलीन हाताळताना नुसत्या मास्कवर भिस्त ठेवू नका. हा तेलकट द्रव कातडीतून सरळ रक्तात उतरतो, त्याची वाफसुद्धा कातडीतून शोषली जाते. लंगोटांवर मारलेल्या शिक्क्याच्या शाईतल्या अॅनिलीनमुळे नवजात बाळं निळी पडल्याच्या जुन्या नोंदी आहेत.

नावाचं मूळ आपल्या 'नीळ' शब्दात आहे. १८२६ मध्ये ते प्रथम नीळ तापवून मिळवलं गेलं. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने त्यापासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्येही ते तयार होत असे.

शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं रूपांतर होतं आणि त्यातून बनलेलं द्रव्य हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करतं. असं 'मेथहिमोग्लोबिन' ऑक्सिजन वाहूच शकत नाही. एरवी ते १ टक्क्याच्या आसपास असतं. १५ टक्क्यांच्या पुढे ओठ आणि नखं राखाडी-निळी दिसतात, ३० ला डोकं ठणकतं आणि धाप लागते, ७० च्या वर जीव वाचणं कठीण. घात असा, की लक्षणं काही तासांनी येतात. शिफ्ट संपवून घरी गेलेला कामगार तिथे कोसळू शकतो.

ऑक्सिमीटर इथे फसवतो. विषबाधा वाढली तरी आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो. त्यापेक्षा पांढऱ्या फिल्टर पेपरवर रक्ताचा थेंब टाकून बघा: साधं काळसर रक्त हवेने लाल होतं, हे चॉकलेटी राहतं. नक्की प्रमाण मात्र को-ऑक्सिमेट्रीनेच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी रक्ताची तपासणी) कळतं.

ड्रम उपसताना ब्युटाइल रबरचे हातमोजे, रबरी बूट, एप्रन आणि चेहऱ्यावर शील्ड हवी. पातळ लॅटेक्सचे हातमोजे कुचकामी. ओतण्याऐवजी बंद पंप वापरा, नायट्रिक आम्ल शेजारी ठेवू नका. सांडलंच तर वाळूत शोषून झाकणाच्या डब्यात भरा, गटारात सोडू नका.

अंगावर पडल्यास मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. कपडे ताबडतोब उतरवा, साबण आणि साध्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा. नखांखाली, केसांत, कानामागेसुद्धा. गरम पाणी नको, त्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो. चामड्याचे बूट आणि पट्टा धुऊन परत वापरू नका, ते फेकायचेच. बरं वाटलं तरी रुग्णाला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवा.

उतारा म्हणजे मिथिलीन ब्लू, तोही एक रंगच. वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश ५ मिनिटांत. ६० किलोच्या माणसाला १ टक्का द्रावणाचे ६ ते १२ मिली. हे डॉक्टरांचंच काम, कारण जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्यांत या औषधाने रक्तपेशी फुटतात. म्हणून कामावर घेतानाच्या तपासणीतच जी६पीडीची चाचणी करून निकाल कामगाराच्या कार्डावर लिहून ठेवावा.