बोज यांचा गाँग आणि गॉडफ्रे यांचं टाळ्यांचं मीटर

अमेरिकेतल्या रेडिओच्या सुवर्णकाळाबद्दल वाचताना एक गल्लत हमखास सापडते. मेजर एडवर्ड बोज यांचा 'ओरिजिनल अमॅच्युअर अवर' आणि आर्थर गॉडफ्रे यांचा 'टॅलेंट स्काउट्स' हे दोन्ही कार्यक्रम 'हौशी गायकांची स्पर्धा' म्हणून एकाच टोपलीत टाकले जातात. दोन्हींत नवे चेहरे होते, स्पर्धा होती, विजेता ठरायचा. पण माइकपर्यंत पोहोचायची वाट दोन्हीकडे अगदी वेगळी होती.

बोज यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्थानिक केंद्रावर सुरुवात केली आणि १९३५ मध्ये त्यांचा कार्यक्रम एनबीसी या राष्ट्रीय रेडिओ जाळ्यावरून देशभर जाऊ लागला. महामंदीचे दिवस होते. हाताला काम नसलेली माणसं माउथ ऑर्गन, शिट्टी, नकला, पाठ केलेलं गाणं, जे जमत असेल ते घेऊन येत. चाचणी पार पडली की थेट प्रक्षेपणात बोज दोन प्रश्न विचारत, कुठला, काय करतोस, आणि मग सादरीकरण. रंगलं नाही, तर मध्येच गाँग, म्हणजे धातूची मोठी थाळी, वाजे. विचार करा, पदरमोड करून न्यूयॉर्क गाठलेला माणूस, गाण्याचं पहिलं कडवं अर्धवट आणि ठण्ण! घरी आख्खं गाव रेडिओला कान लावून बसलेलं. मला तो आवाज आजही क्रूर वाटतो. पण निकाल मात्र श्रोत्यांच्या हाती असे. ते फोन करून, पत्रं टाकून मतं देत, आणि निवडलेल्यांची पथकं बोज गावोगावच्या नाट्यगृहांत पाठवत. सप्टेंबर १९३५ मध्ये 'होबोकन फोर' नावाची चौकडी अशीच जिंकली आणि दौऱ्यावर गेली. चौघांतला एक होता पुढे जगप्रसिद्ध गायक झालेला फ्रँक सिनात्रा. काही महिन्यांत तो दौरा सोडून घरी परतला. म्हणजे या विजयाने त्याला एका रात्रीत तारा केलं, असं म्हणता येत नाही.

बोज १९४६ च्या जूनमध्ये वारले आणि त्याच जुलैत सीबीएस या दुसऱ्या रेडिओ जाळ्यावर 'टॅलेंट स्काउट्स' सुरू झाला. एक संपला, दुसरा उगवला, त्यामुळेही लोकांचा गोंधळ होत असावा. गॉडफ्रेंकडे कलाकार एकटा येत नसे. आधी 'स्काउट' येई, म्हणजे त्याला हेरून आणणारा, त्याच्यासाठी शब्द टाकणारा माणूस. तो गॉडफ्रेंशी गप्पा मारे, मग कलाकार पुढे येई. शिवाय हे कलाकार बहुतेक वेळा हौशी नसतच. क्लबांत गाऊन पोट भरणारे, पण नाव न झालेले. गाँग नव्हताच. सभागृहातल्या टाळ्यांचा जोर मीटरवर मोजून विजेता ठरे, आणि तो पुढचे काही दिवस गॉडफ्रेंच्या सकाळच्या कार्यक्रमात गाई. १९४८ च्या अखेरीस हाच कार्यक्रम टीव्हीवरही दिसू लागला.

कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन १९५७ च्या जानेवारीत तिथे जिंकली, तेव्हा तिच्या रेकॉर्ड बाजारात येऊन दीड वर्ष झालं होतं. तिची स्काउट होती तिची आई. तिला 'हौशी' म्हणणं मला तिच्या मेहनतीचा अपमान वाटतो.

आणि गॉडफ्रेंकडची निवड अचूकच असे, असंही नाही. १९५५ मध्ये पुढे रॉक अँड रोलचा राजा म्हणवला गेलेला एल्विस प्रेस्ली चाचणीला आला होता, त्याला घेतलं नाही.

दोन्हींतला फरक प्रत्यक्ष भोगला तो गायक पॅट बून यांनी. बोज यांच्या पश्चात टेड मॅक यांनी 'अमॅच्युअर अवर' टीव्हीवर चालवला. त्यात बून लागोपाठ जिंकून अंतिम फेरीला पात्र ठरले होते. मधल्या काळात ते गॉडफ्रेंकडे गायले, तिथेही जिंकले आणि मानधन घेतलं. बून स्वतः सांगतात, त्या पैशांमुळे ते व्यावसायिक ठरले आणि मॅक यांच्या अंतिम फेरीतून बाद झाले.