गुमास्ता, दहाचा आकडा आणि राज्याच्या कायद्यांमागे धावणं : थोडी पार्श्वभूमी

"आमचा गुमास्ता काढून द्या" असं म्हणणारा फोन अजूनही आठवड्याला एक तरी येतोच. गुमास्ता म्हणजे खरं तर पेढीवरचा कारकून, मुनीम. त्या माणसाचं नाव त्याच्या मालकाच्या दुकानाच्या नोंदणीला, परवान्याला कसं चिकटलं माहीत नाही पण चिकटलं ते निघत नाही. कायद्याच्या नावात हा शब्द कुठेच नाही, तिथे "दुकाने व आस्थापना" आहे. आणि राज्याच्या कायद्यातले बदल फॉलो करणं का अवघड जातं ते याच एका शब्दावरून समजतं, कारण कायदा बदलला, फॉर्म बदलले, पोर्टल बदललं, लोकांच्या तोंडातला शब्द मात्र तोच राहिला आणि त्या शब्दाबरोबर जुन्या कायद्याच्या अपेक्षाही राहिल्या.

फार मागे जात नाही. मुंबई प्रांतात १९३९ ला दुकानांसाठी देशातला पहिला असा कायदा झाला, मग १९४८ चा आला आणि तोच पुढे जवळजवळ सत्तर वर्षं चालला. त्यात दुकान कधी उघडायचं, कधी बंद करायचं, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, सगळं ठरलेलं. एकही नोकर नसलेल्या पानवाल्यालासुद्धा नोंदणी लागायची. भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, ड्रॉवरमध्ये व्हिजिट बुक, आणि इन्स्पेक्टर आला की गल्लीतल्या बाकीच्या दुकानांना पाच मिनिटांत खबर. तेव्हा बदल कळायचे कसे तर इन्स्पेक्टरकडून नाहीतर व्यापारी संघटनेच्या सायक्लोस्टाइल पत्रकातून. बदल व्हायचेही कमीच, त्यामुळे चालून जायचं.

खरी उलथापालथ २०१७ ला. केंद्राने २०१६ मध्ये एक मॉडेल बिल राज्यांपुढे ठेवलं होतं, आपल्याकडे महाराष्ट्रात ते लवकर उचललं गेलं आणि नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, नियम मार्च २०१८ मध्ये आले. म्हणजे मधले तीन महिने कायदा नवा आणि नियम नाहीत. तेव्हा ऑफिसात आम्ही अक्षरशः दोन फायली ठेवल्या होत्या, एक "कायदा म्हणतो" आणि एक "सध्या काउंटरवर घेतात". इन्स्पेक्टरचं नाव बदलून फॅसिलिटेटर झालं, माणूस तोच. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येईल, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, ओव्हरटाइमला दुप्पट पैसे. दिवसरात्र दुकान उघडं ठेवायची मुभा तेव्हापासूनच होती बरं का, पण रात्री शटर पाडायला लावायचे प्रकार चालूच राहिले आणि शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारला वेगळा शासन निर्णय काढून सांगावं लागलं की दारूची ठिकाणं वगैरे सोडून बाकीच्यांना चोवीस तासांची परवानगी आहे. आठ वर्षांनी! कायद्यात असणं आणि चौकातल्या हवालदाराला माहीत असणं यात एवढं अंतर.

आता मुख्य भांडण, दहाचा आकडा. २०१७ च्या कायद्याने म्हटलं की दहा किंवा जास्त कामगार असतील तर नोंदणी आणि सगळा कायदा लागू, दहापेक्षा कमी असतील तर नोंदणी नाही, फक्त धंदा सुरू केल्याची माहिती ऑनलाइन द्यायची. फॉर्म एफ भरायचा, फॉर्म जी म्हणून पावती मिळते. ही झाली "इंटिमेशन". लोकांनी आणि आमच्यासारख्या एजंट लोकांनीही हिला "सूट" म्हणायला सुरुवात केली आणि तिथूनच गोंधळ.

कारण सूट कुणाला? मालकाला कागदातून सूट, हे खरं. नऊ माणसांच्या दुकानाला रजिस्टरं नकोत, इन्स्पेक्शन नको, फार मोठा दिलासा, मी स्वतः त्या वर्षी कितीतरी क्लायंटना हे सांगून खूश केलंय. पण त्याच फटक्यात त्या नऊ माणसांचे कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, आठ दिवसांची किरकोळ रजा, सणाच्या पगारी सुट्ट्या, हे जे या कायद्यातून मिळतं त्यातलं काहीच त्यांना लागू राहिलं नाही. १९४८ च्या कायद्यात एका नोकरालाही तासांचं आणि सुट्टीचं संरक्षण होतं. आपल्याकडची बहुतेक दुकानं छोटीच, म्हणजे बहुसंख्य दुकानकामगार एका ओळीत बाहेर. यावर तेव्हा कामगार संघटना बोलल्या, पण बातम्यांत "इन्स्पेक्टर राज संपलं" हेच जास्त गाजलं. माझं मत विचाराल तर नोंदणी काढणं बरोबरच होतं, सुट्टी आणि तास काढायला नको होते. दोन्ही एकाच आकड्याला का बांधले याचं पटेल असं उत्तर मला तरी कुणी दिलेलं नाही.

आणि मालकाचा दिलासासुद्धा बँकेच्या काउंटरपर्यंतच टिकायचा. करंट अकाउंट उघडायला गेलेला माणूस इंटिमेशनची पावती पुढे करतो, पलीकडून उत्तर, "हे गुमास्ता नाही, गुमास्ता आणा." तो परत येतो, मी सांगतो की तुला गुमास्ता मिळूच शकत नाही, तुझ्याकडे चार माणसं आहेत. तो परत जातो. एका क्लायंटने तर कागदोपत्री दहा माणसं दाखवून नोंदणी काढून घेऊ का असं विचारलं, म्हणजे ज्या सर्टिफिकेटपासून सूट दिली तेच मिळवायला खोटं बोलायची तयारी. त्याला मी कायद्याचं कलम छापून, पिवळ्या हायलायटरने रंगवून दिलं, बँकेत तिसऱ्या खेपेला ते चाललं.

मग २०२२. मराठी पाट्यांची सक्ती जुनीच, पण २०१७ च्या कायद्यानंतर दहापेक्षा कमीवाले म्हणायला लागले की आम्हाला कायदाच लागू नाही तर पाटी कुठली. ही पळवाट मार्च २०२२ च्या दुरुस्तीने बुजवली. आता कितीही माणसं असोत, नाव मराठीत देवनागरीत आधी आणि दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक अक्षरात नाही. दारूच्या दुकानांना गडकिल्ल्यांची आणि थोर व्यक्तींची नावं देता येणार नाहीत हेही त्यातच. त्याआधी फेब्रुवारीत हायकोर्टाने पाट्यांच्या नियमाला दिलेलं आव्हान फेटाळून २५ हजारांचा दंड लावला होता, पुढे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि नोव्हेंबरात पेंटरांची चांदी झाली. म्हणजे "सूट आहे" म्हणून चार वर्षं निवांत बसलेला छोटा दुकानदार एका विषयापुरता परत आत आला. हेच तर अवघड आहे, एकच दुकान एका कलमाला बाहेर आणि दुसऱ्या कलमाला आत.

पगाराच्या बाजूचं वेगळंच. तिथे बदल छोटे असतात पण महिन्याला बांधलेले. प्रोफेशन टॅक्सचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा, कायदा १९७५ चा, वर्षाला जास्तीत जास्त २५०० ही राज्यघटनेतली मर्यादा, म्हणून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. दर फेब्रुवारीला "शंभर रुपये जास्त का कापले" हा मेसेज ठरलेला. १ एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा टॅक्स माफ झाला, आधी ही मर्यादा १० हजार होती. एका ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये स्लॅब बदलायचा राहिला आणि जुलैपर्यंत कापत राहिले, मग सतरा जणींना चार-चार महिन्यांचे दोनशे परत देण्याचा हिशोब, आणि त्यातल्या तिघी तोवर नोकरी सोडून गेलेल्या. लेबर वेल्फेअर फंडाचंही (कामगार कल्याण निधी) तसंच, कामगाराचे १२ आणि मालकाचे ३६ रुपये इतकी वर्षं तोंडपाठ, २०२४ च्या मार्चमध्ये ते २५ आणि ७५ झाले. कपात वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबर, त्यामुळे मार्चचा बदल जूनपर्यंत लक्षात ठेवायचा. रक्कम किरकोळ असते म्हणूनच नजरेतून सुटते.

किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो पण आकडे बऱ्याचदा उशिरा हातात येतात, मग एरियर्स, म्हणजे मागच्या फरकाची थकबाकी. आणि हे सगळं येतं कुठून तर राजपत्रातून, अधिसूचनेतून, शासन निर्णयातून, परिपत्रकातून. व्हॉट्सॲपवर या चारही गोष्टींना "नवीन जीआर आला" असंच म्हणतात. जीआर म्हणजे शासन निर्णय, प्रशासनाचा आदेश, तो कायदा बदलू शकत नाही. मसुदा अधिसूचना म्हणजे तर नुसत्या हरकती मागवल्यात, लागू काहीच नाही. एक पीडीएफ फिरत आली की मी आधी वरचा मथळा नाही बघत, शेवटचं "अमलात येईल" वालं वाक्य शोधतो. ते नसेल तर ती बातमी, काम नाही.

२०२५ मध्ये हे सगळं एकदमच अंगावर आलं. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दुकान कायद्यातला दहाचा आकडा वीस करायला, रोजचे ९ तास १० करायला आणि तिमाही ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली, मग अध्यादेश निघाला. म्हणजे २०१७ ला नऊ माणसांच्या दुकानाचं जे झालं तेच आता एकोणीस माणसांच्या दुकानाचं, आणि यावेळी चर्चा पुन्हा तासांचीच झाली, "दहा तासांची ड्युटी" म्हणून. आकड्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. मला विचाराल तर तासांपेक्षा मोठा बदल तोच होता, कारण दहा ते एकोणीसवाल्यांना दहा तासांची मर्यादाही मिळाली नाही, ते बाहेरच गेले.

त्यावर २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चार लेबर कोड (कामगार संहिता) लागू केले, २९ जुने कायदे त्यात गेले. त्या आठवड्यात फोन थांबेनात, गुमास्ता रद्द झाला का, पीटी (प्रोफेशन टॅक्स) गेला का. दुकान कायदा त्या २९ मध्ये नाही, प्रोफेशन टॅक्सही नाही, ते राज्याचे. किमान वेतनाचा कायदा मात्र त्यात गेला. चौदा माणसं असलेल्या एका दुकानदाराने दोन्ही बातम्या एकत्र करून स्वतःच निष्कर्ष काढला आणि भिंतीवरची फ्रेम उतरवून ठेवली. पुढच्या महिन्यात लोनसाठी बँकेत गेला, तर तिथे विचारलं, गुमास्ता कुठे आहे.