आयर्विन पूल आणि सांगलीचा पूर

पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढला की सांगलीत ‘आयर्विनला पाणी किती?’ अशी विचारणा सुरू होते आणि तिचे उत्तर आजही फूट-इंचांतच मिळते. कृष्णेवरील या दगडी पुलाचे उद्घाटन १९२९ साली तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्या वेळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि चिंतामणराव पटवर्धन तेथील अधिपती होते. पलीकडची सांगलीवाडी आणि पुढे इस्लामपूरकडे जाणारा रस्ता या पुलाने शहराशी जोडला गेला.

ये-जा करण्यासाठी बांधलेला हा पूल पुढे पूर मोजण्याचे ठिकाण बनला आणि माझ्या मते त्याचे आजचे खरे महत्त्व त्यातच आहे. येथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी ठरलेली आहे. परंतु सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता अशा सखल भागांतील कुटुंबांना इशारा पातळीपर्यंत थांबून चालत नाही. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या दारात पाणी येते, हे त्यांना पाठ असते आणि त्या हिशेबाने धान्याची पोती, गॅसची टाकी, मुलांची दप्तरे वरच्या मजल्यावर जातात. त्याच दिवसांत पट्टीचे पोहणारे पुलावरून पुराच्या पाण्यात सूर मारतात आणि ते पाहण्यासाठी कठड्याशी गर्दी होते.

पुलाजवळचे पाणी केवळ कोयनेमुळे चढत नाही. हरिपूरला वारणा आणि त्याखाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. या नद्या एकाच वेळी दुथडी भरून वाहू लागल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि धरणाचा विसर्ग कमी केल्यानंतरही पातळी उतरायला वेळ लागतो. २००५ च्या पुरात ती ५३ फुटांच्या पुढे गेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने ५७ फूट ओलांडले, तेव्हा मारुती चौक आणि गणपती पेठेसारखे मध्यवर्ती भागही पाण्याखाली गेले. त्या पुराचा दोष अनेकांनी कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याला दिला. राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने ते कारण मान्य केले नाही, तरी सांगलीत हा वाद अद्याप मिटलेला नाही.